लपून बसलेले दहा हजार व्होल्ट

मुलांनो, भाईंदर स्टेशनच्या फलाटावर सकाळच्या गर्दीत कधी उभे राहिला आहात का? लांबून गाडी दिसते, लोक पिशव्या सावरतात आणि तेवढ्यात कोणीतरी ओरडते, "एसी आहे, एसी! आपली मागची!" की निम्मी गर्दी हिरमुसून दोन पावले मागे सरकते. बंद दारांची ती थंडगार गाडी साध्या पासवाल्यांची नसते ना!

पण एक गंमत सांगू? भाईंदरच्या फलाटावर थांबणारी प्रत्येक लोकल एसीच आहे. अगदी पंख्यांची, घामाची, दारात लोंबकळणाऱ्यांचीसुद्धा! आणि ही गोष्ट काही आजची नाही, २०१२ सालापासूनची आहे. थंड हवेची पहिली लोकल पश्चिम रेल्वेवर आली २५ डिसेंबर २०१७ ला. म्हणजे तिच्याही आधी पाच वर्षे सगळ्या गाड्या 'एसी' झाल्या होत्या.

कोड्यात पडलात? अहो, हा एसी थंड हवेचा नव्हे, विजेचा. अल्टरनेटिंग करंट, म्हणजे आपल्या पुस्तकातली प्रत्यावर्ती धारा. दिशा सतत बदलणारी वीज.

इंद्रलोकात राहणाऱ्या मुलांना मी नेहमी चिडवते. म्हणते, तुमच्या वस्तीला ज्या देवाचे नाव, त्याचे शस्त्र कोणते? वज्र! म्हणजे वीजच की. मग विजेचा हिशेब तुम्हाला यायलाच हवा. आज तोच करू या. कागद-पेन्सिल जवळ घ्या. वर्ग आणि वर्गमूळ अजून शिकला नसाल तर घरातल्या ताईला किंवा दादाला शेजारी बसवा.

रुळांवरच्या तारेत २५,००० व्होल्टची वीज असते, हे रेल्वेच्या धोक्याच्या सूचनांवर तुम्ही वाचले असेल. माझा प्रश्न असा, त्या तारेत खरोखर जास्तीत जास्त किती व्होल्ट असतात? २५,००० म्हणालात तर उत्तर चूक. बरोबर उत्तर आहे ३५,३५५. वरचे दहा हजार व्होल्ट कुठे लपले होते?

ते शोधायला आधी बागेत जाऊ. तिथला झोका आठवा. झोका पुढे जातो, टोकाला क्षणभर थांबल्यासारखा होतो, परत फिरतो, मधून सपकन निघून जातो आणि मागच्या टोकाला पोचतो. आपल्या घरातल्या विजेचा दाबही अगदी असाच झोके घेतो. शून्यापासून वाढत वाढत एका टोकाला जातो, तिथून उतरत शून्यावर येतो, मग उलट दिशेने तितकाच वाढतो आणि पुन्हा शून्यावर. हा झाला एक पूर्ण झोका. असे एका सेकंदात पन्नास झोके! आलेखाच्या कागदावर काढले तर समुद्राच्या लाटेसारखे चित्र दिसते. लाटेच्या सर्वात उंच टोकाला शिखर म्हणू आणि त्या क्षणीच्या दाबाला शिखर दाब. प्रत्येक झोक्यात शिखर दोनदा येते, एकदा या बाजूला, एकदा त्या. म्हणजे सेकंदात शंभर वेळा. तुम्ही 'आई' म्हणेपर्यंत किती शिखरे होऊन गेली बघा!

आता खरी अडचण. ज्या विजेचा दाब क्षणाक्षणाला बदलतो, तिला एकच आकडा कसा द्यायचा? तुम्ही म्हणाल, सरासरी काढा. काढून बघा. जितका वेळ दाब या बाजूला, तितकाच वेळ त्या बाजूला. अधिक आणि उणे यांची वजाबाकी होऊन सरासरी येते शून्य! पण शून्य व्होल्टवर दिवा लागेल का हो? इस्त्री तापेल का? तेव्हा ही साधी सरासरी आपल्या कामाची नाही.

मग शास्त्रज्ञांनी वेगळी युक्ती केली. विजेला तिच्या कामावरून ओळखायचे. इस्त्री घ्या. इस्त्रीला वीज इकडून आली की तिकडून, याचे काही सोयरसुतक नसते. ती दोन्हीकडून तापते. तर मग एकाच दिशेने वाहणारी, दाब न बदलणारी वीज, म्हणजे डीसी, किती व्होल्टची दिली असता इस्त्री तेवढीच तापेल, तो आकडा आपल्या झोके घेणाऱ्या विजेला द्यायचा. याला परिणामी दाब म्हणतात. वायरमनकाकांच्या मीटरवर 'आरएमएस' अशी अक्षरे दिसतात, ती याचीच. घरातले २३० व्होल्ट म्हणजे हा परिणामी दाब, आणि रेल्वेचे २५,०००सुद्धा.

आता आकडेमोड. एक गोष्ट लक्षात ठेवायची. दाब दुप्पट केला की प्रवाहही दुप्पट होतो, म्हणून उष्णता होते चौपट. दाब तिप्पट तर उष्णता नऊपट. म्हणजे उष्णता दाबाच्या वर्गाप्रमाणे वाढते.

समजा, आपल्या लाटेचे शिखर १०० व्होल्ट आहे. अर्ध्या झोक्याचे सहा सारखे भाग करू आणि प्रत्येक भागाच्या सुरुवातीला दाब किती ते लिहू. ०, ५०, ८६.६, १००, ८६.६, ५०. (हे आकडे कुठून आले ते दहावीतल्या ताईला विचारा. 'साइन' म्हणाल्याबरोबर ती ओळखेल.) आता प्रत्येकाचा वर्ग करा. ०, २५००, ७५००, १०,०००, ७५००, २५००. बेरीज आली ३०,०००. सहाने भागा, ५०००. ही झाली वर्गांची सरासरी. वर्ग केले होते म्हणून आता वर्गमूळ काढायचे. ५००० चे वर्गमूळ ७०.७.

म्हणजे १०० व्होल्ट शिखराची वीज काम करते ७०.७ व्होल्टच्या डीसीएवढे. उलट बाजूने १०० ला ७०.७ ने भागले की येतात १.४१४. हा आकडा ओळखीचा आहे ना? दोनचे वर्गमूळ! एक सेंटिमीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण मोजला तर हाच आकडा मिळतो. कुठे चौरस आणि कुठे वीज, पण दोघांच्या घरी एकच पाहुणा!

तेव्हा सूत्र असे: शिखर दाब = परिणामी दाब × १.४१४.

सहाच आकड्यांवर विश्वास बसत नसेल तर कात्रीचा प्रयोग करा. वर्ग केलेल्या आकड्यांचा आलेख जाड कागदावर काढा, दोन-तीन डोंगर येतील इतका लांब. शिखराच्या बरोबर निम्म्या उंचीवर आडवी रेघ ओढा. रेघेच्या वर आलेले डोंगरमाथे कापा, उलटे करा आणि शेजारच्या दरीत ठेवून बघा. दरी रेघेपर्यंत चपखल भरते! म्हणूनच वर्गांची सरासरी बरोबर निम्मी येते.

मग परिणामी दाब शिखराच्या निम्मा न येता सत्तर टक्के कसा? झोका आठवा. तो टोकापाशी रेंगाळतो आणि मधून सपकन जातो. विजेचा दाबही शिखराजवळ जास्त वेळ काढतो. शिवाय वर्ग केले की मोठ्या आकड्यांचा आवाज अधिकच मोठा होतो. वर्गात दोन-चार दांडगी मुले सगळ्या वर्गाचा आवाज ठरवतात, तसेच!

आता घरचा हिशेब. २३० गुणिले १.४१४, म्हणजे जवळजवळ ३२५ व्होल्ट. तुमच्या टेबलावरच्या प्लगमध्ये सेकंदाला शंभर वेळा ३२५ व्होल्ट येऊन जातात.

याचा पुरावा बघायचा आहे? वायरमनकाकांच्या दुकानात मोबाइलचा एखादा मोडका, उघडलेला चार्जर असतो. त्यांना आतला कपॅसिटर दाखवायला सांगा. लहानशा डबीसारखा असतो आणि वीज साठवून ठेवतो. त्यावर बहुतेक वेळा छापलेले असते, ४०० व्होल्ट. घरात २३० ची वीज असताना ४०० चा कपॅसिटर कशाला? २५० चा स्वस्तात पडला असता की! पण कपॅसिटर सरासरी ओळखत नाही. तो शिखरापर्यंत भरतो, ३२५ पर्यंत. २५० चा लावला तर फुगेल, फुटेल. तुमच्या चार्जरवर '१००-२४० व्होल्ट' असेही लिहिलेले सापडेल. जपानमध्ये घरात १०० व्होल्ट असतात, त्याचे शिखर १४१. आणि २४० चे शिखर ३३९. दोन्ही ४०० च्या आत. म्हणून तोच चार्जर भाईंदरलाही चालतो आणि टोकियोलाही.

(चार्जर स्वतः उघडायचा नाही हं. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज काही वेळ दबा धरून बसलेली असते.)

चला, पुन्हा रुळांवर. मुंबईत विजेची पहिली गाडी धावली ३ फेब्रुवारी १९२५ ला, व्हीटी ते कुर्ला. तेव्हा तारेत होती डीसी, १५०० व्होल्टची. पश्चिमेकडे बोरिवलीपर्यंत विजेची गाडी १९२८ मध्ये आली आणि बोरिवलीच्या पुढे विरारपर्यंत १९३६ मध्ये. म्हणजे मधल्या आपल्या भाईंदरलाही तेव्हाच. तुमच्या पणजोबांनी ती पाहिली असेल. डीसीचा दाब झोके घेत नाही, त्यामुळे तिच्यात शिखराची भानगड नाही. १५०० म्हणजे १५००.

पुढे गाड्या वाढल्या, डबे वाढले, गर्दी तर विचारूच नका. १५०० व्होल्टवर एवढ्या गाड्या ओढायच्या तर प्रवाह प्रचंड लागतो. तारा जाड हव्यात, वीज पुरवणारी उपकेंद्रे जवळ जवळ हवीत. दाब वाढवला की तेच काम थोड्या प्रवाहात होते. म्हणून २५,००० व्होल्टची एसी आणायचे ठरले. हे काम एका रात्रीत होण्यासारखे नव्हते. काही भागात डीसी, काही भागात एसी, अशी अनेक वर्षे गेली आणि तेवढ्यासाठी दोन्हींवर चालणाऱ्या खास गाड्या लागल्या. फेब्रुवारी २०१२ मध्ये चर्चगेट ते विरार सगळा मार्ग एसी झाला. मध्य रेल्वेवर शेवटची डीसी लोकल एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावर धावली आणि मुंबईतली डीसी संपली.

आता बघा, १५०० चे २५,००० झाले, म्हणजे किती पट? भागाकार करा. सुमारे १७ पट. पण तारेला खांबापासून वेगळे ठेवणारे ते चिनीमातीचे इन्सुलेटर असतात ना, त्यांच्या दृष्टीने हिशेब वेगळा. त्यांना १५०० ऐवजी आता ३५,३५५ व्होल्ट अडवायचे आहेत. म्हणजे साडेतेवीस पट! इन्सुलेटरने शिखराच्या क्षणी हार मानली तर बाकीचा वेळ त्याने किती चांगले काम केले, याला काही अर्थ उरत नाही. धरणाची भिंत पावसाळ्याच्या सरासरीवर बांधत नाहीत, मोठ्यात मोठ्या पुरावर बांधतात. तसेच हे.

पुढच्या वेळी फलाटावरून इन्सुलेटर नीट बघा. एकावर एक छत्र्या ठेवल्यासारख्या त्याच्या कडा असतात. त्या शोभेसाठी नाहीत. विजेला पृष्ठभागावरून सरपटत जायचे तर तिला प्रत्येक छत्रीवर चढ-उतार करावा लागतो, वाट लांब होते. आपल्याकडे खाडी, मिठागरे, खारा वारा. इन्सुलेटरवर मिठाचा पातळ थर बसला आणि वर दव पडले की विजेला सरपटायला वाट मिळते. त्यामुळे ही लांबण लावावीच लागते.

तार आणि तिच्या भोवतीच्या वस्तू यांच्यामधली हवा हासुद्धा एक इन्सुलेटरच. कोरडी हवा एका मिलिमीटरमागे सुमारे ३००० व्होल्ट अडवते. त्याहून जास्त झाले की हवा फुटते आणि ठिणगी पडते. १५०० व्होल्टला अर्धा मिलिमीटर हवा पुरते. २५,००० ला सव्वाआठ मिलिमीटर पुरेल असे वाटते, पण शिखरासाठी लागते जवळजवळ बारा मिलिमीटर.

थांबा! "म्हणजे तेरा मिलिमीटर लांब राहिलं की झालं," असे कोणी मनात म्हणाले असेल तर ते आधी खोडून टाका. हा आकडा प्रयोगशाळेतला आहे. गुळगुळीत, सपाट पत्रे आणि कोरडी हवा असेल तेव्हाचा. टोकदार वस्तू असेल तर हवा कितीतरी आधी फुटते. पावसाळी ओल, धूळ, धूर यांनीही तेच होते. शिवाय तारेतला दाब नेहमी बरोबर २५,००० नसतो, तो २७,५०० पर्यंत जाऊ शकतो. त्याचे शिखर काढा बघू. ३८,८९१! आकाशात वीज कडाडली की आणखीच भर. म्हणून रेल्वेचे नियम सांगतात की चालू तारेपासून माणसाने निदान दोन मीटर लांब राहायचे. मिलिमीटर नव्हे, मीटर.

आणि याच कारणासाठी हा लेख तुमच्यासाठी लिहिला आहे. पूर्वी डीसीच्या काळात लोकलच्या टपावर बसून जाणारी माणसे असत. तेव्हाही ते जिवावरचेच होते, पण तारेला हात लागला नाही तर वाचत. एसीत तसे नाही. तारेला हात लावायची गरजच नसते. जवळ गेले की तार स्वतःच हवेतून हात पुढे करते! उभ्या मालगाडीवर चढून फोटो काढायला गेलेली मुले भाजल्याच्या, प्राण गमावल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात. त्यातल्या अनेकांनी तारेला स्पर्शही केलेला नसतो. "गाडी उभी आहे, मग काय होतंय?" असे त्यांना वाटते. गाडी उभी असली तरी तारेतला झोका चालूच असतो, सेकंदाला पन्नास.

संक्रांतीला पतंगाचेही तसेच. काही मांजांना धातूची पूड लावलेली असते आणि धातू म्हणजे विजेचा राजमार्ग. ओला साधा दोराही वीज नेतो. पतंग तारेत अडकला तर त्याला रामराम करा. काठी, सळई, दगडाला बांधलेली दोरी, यांतले काही नको. पतंग दहा-वीस रुपयांना पुन्हा मिळतो. (नायलॉनच्या मांजावर तर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच बंदी घातली आहे. तो घरात असेल तर आई-बाबांनो, आजच टाकून द्या.)

शिखराचा हिशेब उलटाही करता येतो. त्याचे उदाहरण आपल्याच ठाणे जिल्ह्यात आहे. भिवंडीजवळ पडघे नावाचे गाव आहे. चंद्रपूरहून तिथपर्यंत सुमारे ७५० किलोमीटर लांबीची एक वीजवाहिनी येते. १९९९ पासून ती काम करते आहे आणि तिच्यात वाहते डीसी! एक तार अधिक ५ लाख व्होल्ट, दुसरी उणे ५ लाख. सगळीकडे एसी असताना इथे डीसी का? कारणे पुष्कळ आहेत, पण त्यातले एक तुम्हाला आता स्वतःच सांगता येईल. समजा, एखादा इन्सुलेटर ५ लाख व्होल्ट अडवू शकतो. एसी वापरली तर शिखर ५ लाखाच्या वर जाऊन चालणार नाही, म्हणून परिणामी दाब ठेवावा लागेल ५,००,००० भागिले १.४१४, म्हणजे सुमारे ३,५४,००० व्होल्ट. डीसीत मात्र पूर्ण ५ लाख कामाला येतात. इन्सुलेटर तेवढाच, काम जास्त. इतक्या लांबच्या वाटेवर हा फायदा मोठा असतो.

एक सूचना राहिलीच. १.४१४ ची जादू झोक्यासारख्या गोलसर लाटेपुरतीच आहे. वीज गेल्यावर काही घरांत इन्व्हर्टर चालू होतो आणि पंखा घूं घूं करायला लागतो, ऐकलंय ना? काही स्वस्त इन्व्हर्टरची लाट चौकोनी असते. दाब एकदम वर, तिथेच थांबतो आणि एकदम खाली. अशा पूर्ण चौकोनी लाटेत शिखर आणि परिणामी दाब एकच, २३० म्हणजे २३०. आणि करवतीच्या दातांसारखी त्रिकोणी लाट असेल तर गुणायचे तीनच्या वर्गमुळाने, १.७३२ ने. म्हणजे हिशेब करण्याआधी लाटेचा आकार विचारायचा.

आता तुमच्यासाठी एक गणित. तुमच्या इमारतीच्या मीटरच्या खोलीपाशी कवटी आणि दोन हाडांचे चित्र असलेली लाल पाटी असेल. खोलीत न जाता, बाहेरूनच वाचा. बऱ्याच ठिकाणी तिच्यावर '४१५ व्होल्ट' असे लिहिलेले असते. तिथले शिखर किती?

उत्तर: ५८७ व्होल्ट. (५८६.८ किंवा ५८६.९ आले असेल तरी पूर्ण गुण!)